तेल सुटू द्यायचं नाही

आमच्या खानदेशात मसाला शिजला की नाही हे कुणाला विचारावं लागत नाही, कढईच सांगते. कडेने तेल सुटलं की झाला मसाला. शेवभाजीच्या रश्श्यावर लाल तर्री नसली तर पाहुणा ताटावर काही बोलणार नाही, पण घरी गेल्यावर चार जणांना सांगेल. अशा घरात बावीस वर्षं स्वयंपाक केल्यावर मागच्या मे महिन्यात माझ्यापुढे असा पदार्थ आला, की ज्यात तेल सुटलं म्हणजे सगळं बिघडलं.

मुलगी पुण्याहून सुट्टीला अमळनेरला आली होती. कॉलेजजवळ कुठे तरी तिला रँच ड्रेसिंगची चटक लागली. काकडी, गाजर, कोबी, काहीही त्या पांढऱ्या घट्ट सॉसमध्ये बुडवायचं आणि खायचं. "मम्मी, सोपं आहे गं. दूध, तेल, दही, लसूण. मिक्सरला फिरवायचं." मी फिरवलं. भांड्याचं झाकण काढलं तर वर पिवळं तेल आणि खाली पांढरं पाणी. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि खऱ्या कौतुकाने म्हणाल्या, "तर्री ते मस्त उनी."

त्या दिवसापासून मी हे प्रकरण नीट समजून घ्यायचं ठरवलं. आज ते डोळे मिटून जमतं, म्हणून लिहिते आहे.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण मिक्सरमध्ये काय होतं हे तिथे कुणी सांगत नाही. पातं फिरतं तेव्हा तेलाचे तुकडे होतात, त्या तुकड्यांचे आणखी तुकडे होतात, आणि शेवटी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतील एवढाले थेंब पाण्यात तरंगायला लागतात. यालाच पायस म्हणतात, इंग्रजी शाळेतली मुलं इमल्शन म्हणतील. दूध हेही पायसच आहे, स्निग्धाचे बारीक थेंब पाण्यात पसरलेले.

हे थेंब किती असतात याचा मी एकदा कागदावर हिशेब केला. समजा २०० मिलिलिटर तेल आहे आणि त्याचा प्रत्येक थेंब मिलिमीटरच्या पाच हजारांशांइतका रुंद आहे. मग या सगळ्या थेंबांचा बाहेरचा पृष्ठभाग भरतो २४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे अडीच हजार चौरस फूट. वाटीत असताना तळहाताएवढं असलेलं तेल मिक्सरमधून बाहेर येतं तेव्हा त्याची हद्द एका चांगल्या प्लॉटएवढी झालेली असते. आणि या सगळ्या हद्दीवर तेल आणि पाणी एकमेकांकडे पाठ फिरवून उभे. संधी मिळाली की दोन थेंब एकमेकांना चिकटणार, त्यांचा एक होणार, तो आणखी मोठा होत जाणार, आणि पाच मिनिटांत तुमची तर्री तयार.

म्हणून या अडीच हजार फुटांवर कुणीतरी मध्यस्थ बसवावा लागतो.

अमळनेरच्या माणसाला हा मध्यस्थ समजावणं सोपं आहे, कारण आमचं गावच तेल आणि साबणाचं. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. ती वनस्पती तूप बनवायची आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण बनवायची. आज जगभर कॉम्प्युटरची कामं करणारी विप्रो ती हीच, नावातली अक्षरंसुद्धा तिथूनच आली आहेत. साबणाचं काम काय? त्याच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं टोक पाण्याला. तेलकट डागाभोवती असे कण गोळा झाले की डाग सुटा होऊन पाण्याबरोबर निघून जातो. ड्रेसिंगमधला मध्यस्थ हेच करतो, एवढंच की तो खाण्याजोगा असतो.

अंड्याच्या पिवळ्या बलकात लेसिथिन नावाचं द्रव्य आणि त्याच्या जोडीला प्रथिनं असतात. जगभरातलं मेयोनीज त्याच्यावर उभं आहे. दुधात केसिन हे प्रथिन असतं. त्याच्या अंगावर तेलाला आवडणाऱ्याही जागा असतात आणि पाण्याला आवडणाऱ्याही. ते थेंबाभोवती चिंधीसारखं गुंडाळलं जातं. मोहरीच्या सालात एक चिकट द्रव्य असतं, तेही मदत करतं. आणि लोणी काढलेल्या खऱ्या ताकातही असे मध्यस्थ पुष्कळ असतात, कारण रवीने घुसळताना सायीतल्या स्निग्धाच्या थेंबांवरचं वेष्टन फाटतं आणि ते ताकात उतरतं. गंमत बघा, घुसळणं एकच. सायीत रवी फिरवली की थेंब एकत्र येऊन लोण्याचा गोळा होतो, दुधा-तेलात मिक्सर फिरवला की थेंब वेगळे होतात. सायीतलं स्निग्ध थंडाव्याने अर्धवट घट्ट असतं, म्हणून ते एकमेकांना चिकटतं. पातळ तेल फुटत जातं.

आमच्या घरात अंडं येत नाही, त्यामुळे बलकाचा प्रश्नच नव्हता. पण ज्यांच्याकडे येतं त्यांनीही कच्च्या अंड्याच्या मेयोनीजचा उन्हाळ्यात जरा विचार करावा. साल्मोनेला नावाचे जंतू कच्च्या अंड्यातून येऊ शकतात, आणि आपल्याकडच्या उन्हात त्यांना वाढायला वेळ लागत नाही. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर एकेक वर्षाची बंदी घातली, ती याच कारणाने.

आता रँचकडे येते. हे ड्रेसिंग अमेरिकेतलं. स्टीव्ह हेन्सन नावाचा माणूस १९५०च्या आसपास अलास्कात नळकामाची कंत्राटं घ्यायचा आणि मजुरांसाठी स्वयंपाकही करायचा, तिथे त्याने हे जमवलं म्हणतात. १९५४ मध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक जागा घेतली, तिचं नाव ठेवलं हिडन व्हॅली रँच. पाहुण्यांना जागेपेक्षा ड्रेसिंग आवडलं. मग कोरड्या मसाल्याची पाकिटं टपालाने जाऊ लागली, घरी ताक आणि मेयोनीज घालून कालवायची. १९७२ मध्ये हा धंदा क्लोरॉक्स कंपनीने ऐंशी लाख डॉलरला घेतला. क्लोरॉक्स म्हणजे कपड्याचं ब्लीच बनवणारी कंपनी. इथेही तेलाच्या शेजारी धुलाई आलीच.

मूळ रँचमध्ये ताक असतं हे वाचून मला आनंद झाला आणि तिथेच मी दुसऱ्यांदा फसले. त्यांचं ताक आपल्या ताकासारखं नसतं. ते दुधाला विरजण लावून केलेलं, दाट, जवळजवळ फेटलेल्या दह्यासारखं असतं. मी आपलं नेहमीचं, जेवणानंतर प्यायचं पाणीदार ताक ओतलं आणि ड्रेसिंगची कढी झाली. तेव्हा ताक घालायचं ते घट्ट दही घुसळून, वरून पाणी न घालता.

माझं प्रमाण सांगते. आधी पाया, म्हणजे दुधाचं मेयोनीज. फ्रिजमधलं गार, तापवून थंड केलेलं म्हशीचं दूध १०० मिलिलिटर. तेल २०० मिलिलिटर. अर्धा चमचा मोहरीची पूड, अर्धा चमचा मीठ, आणि एका लिंबाचा रस. मिक्सरचं चटणीचं लहान भांडं घ्यायचं. पहिल्या वेळी मी मोठं भांडं घेतलं होतं, दूध पात्याच्या खालीच राहिलं आणि पातं नुसती हवा कापत होतं. शिवाय दूध कोमट होतं आणि तेल सगळं एकदम ओतलं होतं. तीन चुका, एक तर्री.

दूध, मोहरी, मीठ भांड्यात घालून एकदा फिरवायचं. मग झाकणाच्या भोकातून तेलाची बारीक धार सोडायची, सुतळीएवढी. सुरुवात जितकी सावकाश तितकं चांगलं. कारण असं की थोडं तेल भरपूर दुधात पडलं तर त्याला फुटायला जागा मिळते आणि प्रत्येक नव्या थेंबाला केसिनची चिंधी मिळते. एकदम ओतलं तर तेलाचंच राज्य होतं आणि दुधाचे थेंब तेलात अडकतात. मिक्सर सलग चालवायचा नाही, पाच-सात सेकंद फिरवायचा, थांबायचं, पुन्हा फिरवायचा. सलग चालवला की भांडं तापतं, आणि तापलेलं तेल पातळ होऊन थेंब एकमेकांत शिरतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा मी हे सकाळी सातच्या आत उरकते आणि मिक्सरचं भांडं आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवते. लिंबाचा रस सगळ्यात शेवटी. आंबटपणाने केसिन जरा आकसतं आणि सगळं आणखी घट्ट होतं. तोच रस आधी घातला तर दूध नासतं, मग पुढे काही जमत नाही.

निम्मं तेल जाईपर्यंत काहीच घडत नाहीसं वाटतं. पातळ, फेसाळ, ताकासारखं. इथेच माणूस घाबरतो. मग एका क्षणी मिक्सरचा आवाज बदलतो. आधी खळखळ असते, ती बसकी होते, घरघर व्हायला लागते, आणि झाकणातून बघितलं तर पात्याभोवती वळ्या पडायला लागलेल्या असतात. मला या आवाजाची आता इतकी सवय झाली आहे की मी भांड्यात बघतही नाही.

यातली खरी नवलाची गोष्ट ही, की दूधही पातळ आणि तेलही पातळ, तरी दोन्ही मिळून घट्ट. आणि सैल राहिलं तर उपाय काय, तर आणखी तेल! हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पातळ भाजी घट्ट करायला कुणी तेल ओततं का?

वैशाखात आमच्याकडे सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरी नदीच्या पात्रात. सकाळी लवकर गेलात तर पाळण्यांपासून मंदिरापर्यंत दोन मिनिटांत चालत जाल. संध्याकाळी त्याच वाटेने जा. प्रत्येकाला पाय आहेत, प्रत्येकजण चालू शकतो, पण कुणीच हलत नाही, कारण शेजारच्याला सरकायला जागा नाही. मेयोनीज म्हणजे संध्याकाळची यात्रा. थेंब थोडे असतात तोवर ते एकमेकांना टाळून वाहतात. ते वाढत गेले की एकमेकांना टेकतात, अडतात, आणि चमचा उभा राहतो. एकाच मापाचे लाडू डब्यात कितीही नीट रचले तरी डब्याची फार तर ७४ टक्के जागा भरते. तेल त्या हद्दीजवळ पोचलं की थेंब एकमेकांना दाबायला लागतात. अमेरिकेत मेयोनीज म्हणून विकायला निदान ६५ टक्के तेल असावंच लागतं. आपलं दोनास एक हे प्रमाण त्याच्याच आसपास आहे.

पण गर्दीलाही शेवट असतो. तेल वाढवतच गेलात तर मध्ये पाणीच उरत नाही आणि सगळं एकदम फुटतं. मग मध्यस्थ कमी पडला असं वाटतं, पण बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं पाणी. म्हणून फार घट्ट होऊन चकाकायला लागलं तर थांबावं आणि चमचाभर गार पाणी घालावं.

फुटलंच तर टाकून देऊ नका. स्वच्छ भांड्यात दोन चमचे गार दूध घ्या आणि फुटलेलं मिश्रण तेलाच्या जागी समजून चमच्या-चमच्याने त्यात फिरवत जा. नव्याने बांधलं जातं. माझं पहिलं भांडंसुद्धा असंच वाचलं असतं, पण आत्याबाईंनी त्याला कांदा-लसणाची फोडणी दिली होती.

तेलाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण तेलबियांच्या मुलखात राहून त्यावर घाईने बोलणं बरं नाही. घाण्याचं शेंगदाणा तेल मी वापरून बघितलं. बांधलं छान गेलं, पण काकडी खाताना शेंगदाण्याच्या चटणीची आठवण येत राहिली. मला ते आवडलं, मुलीला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र फ्रिजमधून काढलं तर कडेला तेल दिसत होतं. शेंगदाणा तेल थंडीत गढूळ होतं, त्यात बारीक स्फटिक धरतात, आणि ते थेंबाचं वेष्टन टोचून फोडतात.

सरकीच्या तेलाची गोष्ट तर खास आपली आहे. कापूस पिकवायचा, रुई जिनिंगला, सरकी ढोरांना, एवढाच आपला हिशेब असतो. अमेरिकेतल्या सॅलडच्या तेलाची सुरुवात मात्र याच सरकीपासून झाली. कच्च्या सरकी तेलाचा रंग काळपट, वास उग्र, आणि त्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते काढून टाकावंच लागतं. १८९९च्या सुमारास डेव्हिड वेसन या रसायनतज्ज्ञाने त्या तेलाचा वास घालवण्याची रीत बसवली आणि ते जेवणात आलं. तरी एक अडचण उरली. फ्रिजमध्ये सरकी तेलही थिजायला लागतं. म्हणून कारखान्यात ते आधीच गार करतात, जो भाग गोठतो तो गाळून काढतात, आणि न गोठणारं तेवढं बाटलीत भरतात. बर्फाच्या पाण्यात साडेपाच तास ठेवूनही जे तेल नितळ राहतं त्याला तिकडे सॅलड ऑइल म्हणतात. आपल्याला एवढं करायची गरज नाही. रिफाइंड सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल फ्रिजमध्ये पातळच राहतं, तेच वापरावं. ऑलिव्ह तेल महाग तर आहेच, पण पहिल्या घाण्याचं असेल तर मिक्सरच्या पात्याखाली कडवट होतं.

पाया झाला की रँच पाच मिनिटांचं काम. एक वाटी मेयोनीज, अर्धी वाटी चक्का, पाव वाटी दाट ताक. लसणाची एक मोठी पाकळी ठेचून. लसूण लिंबाच्या रसातच ठेचला तर त्याचा उग्रपणा कमी होतो, कारण आंबटामुळे लसणातली तिखट वास तयार करणारी प्रक्रिया मंदावते. कांद्याची पूड अर्धा चमचा, जळगावकडे कांदा वाळवण्याचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे ती मिळायला त्रास नाही. ताजा कांदा किसून घालू नका, पाणी सुटतं. ताजे कुटलेले मिरे. आणि हिरवं.

मूळ कृतीत पार्सली, चाईव्ह आणि डिल लिहिलेलं असतं. पार्सलीच्या जागी कोथिंबीर चालते, चव वेगळी येते पण वाईट नाही. चाईव्हच्या जागी कांद्याची पात, बारीक, नुसता हिरवा भाग. डिल शोधत मुलगी ऑनलाइन दीडशे रुपयांची बाटली मागवायला निघाली होती. मी तिला बाजारात नेलं आणि शेपूची जुडी हातात दिली. डिल म्हणजे शेपूच. लहानपणापासून ही मुलगी शेपूची भाजी ताटाच्या कडेला सारत आली आहे, आणि पुण्यात पैसे देऊन तोच वास खात होती. मी काही बोलले नाही. नुसती जुडी पिशवीत टाकली. चमचाभर बारीक चिरलेला शेपू पुरतो, जास्त झाला की भाजीची आठवण येते.

हे सगळं हाताने कालवायचं, मिक्सरला नाही. मग निदान दोन तास फ्रिजमध्ये. लसूण, मिरे, शेपू यांचा स्वाद हळूहळू तेलात उतरतो. लगेच चाखलं तर आंबट आणि सपक लागतं, दुपारी तेच वेगळं लागतं. दोन-तीन दिवसांत संपवावं, बाहेर ठेवू नये, आणि फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवू नये. तिथे गोठलं की बर्फाचे कण थेंब फोडतात.

भाज्यांबद्दल एकच सांगते. काकडी, मुळा, गाजर, कोबी धुतल्यावर कापडावर पसरून कोरडं करा. ओल्या पानावर ड्रेसिंग धरत नाही, घसरून खाली जातं. आणि मीठ आधी लावू नका. कोशिंबिरीत आपण मीठ लावून काकडीला पाणी सुटू देतो, इथे त्या पाण्याने दोन तासांची मेहनत पातळ होईल.

तिसऱ्या दिवशी जमलं. पांढरंशुभ्र, चमच्यावरून सावकाश पडणारं, मध्ये शेपूचे हिरवे ठिपके. आत्याबाईंनी भांडं हातात घेतलं, उजेडात धरलं, हलवून बघितलं. "हाई काय शे व? तेल कोठे गयं?" त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाटीभर पिवळं तेल जाताना पाहिलं होतं. मी सांगितलं, तेल यातच आहे, फक्त इतके बारीक थेंब झालेत की उजेड त्यांच्यावर आपटून सगळीकडे पसरतो, म्हणून पांढरं दिसतं. दूध पांढरं दिसतं तसंच. त्यांनी मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही.

दुपारी मुलगी काकडीचे तुकडे बुडवून खात बसली. आत्याबाईंनी कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, ड्रेसिंगमध्ये बुडवला, सावकाश चावला. मग वाटी माझ्याकडे सरकवली.

"बरं शे," त्या म्हणाल्या. "वरतून थोडं तेल टाक."